एक भागिले दोन हजार

वीस वर्षं मी बारिंगोच्या पाण्यावर मासा फेकतोय.
मेलेल्या तिलापियाच्या तोंडात बोटभर हलकं लाकूड खुपसायचं,
म्हणजे तो बुडत नाही.
मग शीळ, लांब, शेवटी जराशी मोडलेली,
आणि कड्यावरच्या बाभळीतून मत्स्यगरुड सुटतो.

तोवर माझ्या पाठीमागे
पाहुण्यांची यंत्रं तडतडायला लागलेली असतात,
तापल्या भांड्यात मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशी.
मी कधी वळून पाहिलं नाही.
नावाड्याची पाठ सगळ्यांच्याच फोटोंत असते,
कडेला, कापलेली.

यंदा नासिएकूनं नाकुरूहून कॅमेरा पाठवला.
पहिल्या पगारातला नव्हे, तिसऱ्या.
पहिले दोन घराला गेले;
सरोवर चढत आलं तसं घर दोनदा मागे न्यावं लागलं.
खोक्यात चिठ्ठी:
बाबा, आधी बॅटरी भरा. घाई करू नका.

पहिल्या दिवशी दोनशे बारा फोटो.
दोनशे अकरा वेळा पांढरा-तपकिरी फराटा,
कुणी ओल्या भिंतीवरून बोट ओढावं तसा.
एकात नुसतं आभाळ. ते मात्र लख्ख.
बायको म्हणाली, आभाळ पळत नाही ना, म्हणून.

फोनवर लेक समजावते:
एक सेकंद घ्या, त्याचे दोन हजार तुकडे करा,
त्यातला एकच उघडा, बाकीचे राहू द्या.
पोरी, मासासुद्धा मी इतका बारीक चिरत नाही!
ती हसत नाही. म्हणते,
चौकोन पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा,
हिरवा झाला की त्यानं डोळा धरला.
मग त्याच्या वेगानं वळत राहा.
थांबू नका. फोटो निघाला तरी थांबू नका.

पण अडचण वेगळीच होती.
फेकावं तर टिपता येत नाही,
टिपावं तर फेकणार कोण?
म्हणून आज नाईसिआए नावेत आली.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली,
मासा परत पाण्यात टाकायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच.
एक मासा वल्ह्यापाशीच पडला. दुसरा तर नावेतच.
आणि तिची शीळ म्हणजे नुसती हवा.
गरुड फांदीवरून बघत राहिला,
ओळखीच्या माणसानं भलतेच कपडे घालून यावं, तसा.

शेवटी शीळ माझी, फेक तिची.

आणि तेव्हा कळलं की मी मोजतो.
वीस वर्षं मोजतच आलोय, माझ्या नकळत:
एक, दोन, फांदी हलते.
तीन, तो पंख न मारता हवेच्या उतारावरून घसरतो.
चार.
पाच, आता तो मला विसरलाय, माशाकडे बघतोय.
सहाला पाय पुढे येतात.
सातला पाणी.
पाहुणे सातला बोट दाबायचे
आणि हळहळायचे.

मी पाचला दाबलं आणि वळत राहिलो,
कमरेतून, जाळं फेकताना वळतो तसा,
नाव डुलू नये म्हणून गुडघे सैल सोडून.

रात्री कंदिलापाशी बसून पाहिले.
सत्तावन्न. पंचावन्न फराटे,
एकात नुसती शेपटी,
आणि एक हा:
नखांतून निसटलेले थेंब मोजता येतात, एकोणीस आहेत.
छातीच्या पांढऱ्यात एक पीस उलटं झालंय.
बुबुळात, मोठं करून पाहिलं, एक ठिपका.
आमची नाव असेल.
किंवा नुसतं ऊन.

मागे शाळेचं पत्र्याचं छप्पर, पाण्याबाहेर उरलंय तेवढं.
नासिएकू तिथेच पाढे शिकली.
ते कुठं पळत नव्हतं,
तरी तेच पुसट आलंय.

नाईसिआएनं बराच वेळ बघितलं.
मग पडद्याच्या डाव्या कडेला बोट ठेवलं:
हा हात माझाच ना?
मनगटापाशी कापलास.

उद्या जरा मागे सरकून बस, म्हणाली,
आणि मासे मोठे आण.